नऊ तास सहा मिनिटं

“अगं, माझं डोकं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. सूनबाईला मात्र सांगू नकोस, तिने एवढ्या हौसेने डबा करून दिलाय...”

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून माणसाने करावं काय? आत सासूबाई आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, दाराबाहेर मी, हातात चहाचे दोन उष्टे कप, आणि बोलणं माझ्या कानांसाठी नव्हतंच. खोकावं? भांडं वाजवावं? मी कप घेऊन आल्या पावली खोलीत गेले आणि ऑफिसच्या बॅगेशेजारी ठेवून दिले. तुम्हाला सांगते, चार भाषा येतात मला, पण तोंड उघडायची वेळ आली की एकही उपयोगी पडत नाही.

भाषा म्हणजे मशीनच्या हं. प्रोग्रॅमर आहे मी. ऑफिसात जावा. (लग्न ठरताना एका आत्याबाईंनी विचारलंही, “म्हणजे घरी एकही जाऊ नाही, आणि ऑफिसात जावा?”) जावा मला आवडते अशातला भाग नाही, पण ती शिस्तीची बाई आहे, पगार तीच देते. हौस मात्र वेगळी. घरी फावल्या वेळात तळहाताएवढे बोर्ड, चार तारा, एक बझर, सोल्डरिंगचा धूर, आणि तिथे फक्त सी! का? तर इतक्याशा बोर्डाला इतकीशीच भाषा हवी, असा माझा बाणा. नवराही याच धंद्यातला, पण पायथनचा परमभक्त. तो म्हणाला होता, थोडा मोठा बोर्ड घे, पायथन टाक, अर्ध्या तासात डबा तयार, कशाला तोळामासा मोजत बसतेस... मी नुसतं “हं” केलं. त्या “हं”मध्ये किती माज होता, हे आता कळतंय.

तर डबा, म्हणजे गोळीची आठवण करून देणारा. सकाळी आठला बाबांनी रक्तदाबाची गोळी घ्यायची, बटण दाबायचं, बारा तासांनी डबा वाजणार, दुसरी गोळी, पुन्हा बटण. नव्या सुनेने घरात पाऊल टाकताच काहीतरी करून दाखवावं ना? बारा तासांऐवजी एक मिनिट लावून दहादा तपासला, दहाही वेळा वाजला, टाळ्या पडल्या. मग बारा तास लावले... आणि डब्याने जे मौन धरलं म्हणता! सुनेवर गेला होता.

पण डब्याला कुणी बोल लावला? छे. सासूबाई म्हणायच्या, “अहो, तुम्ही बटणच दाबलं नसणार. ती इंजिनिअर आहे, तिचं कसं चुकेल?” बाबा म्हणायचे, “दाबलं होतं गं.” तिसऱ्या दिवशी म्हणाले, “दाबलं होतं ना?” आणि आठवड्याने काहीच म्हणेनात. ज्या माणसाने सहा वर्षं रेडिओच्या बातम्यांबरोबर गोळी घेतली, एकदाही न चुकता, तो आरशावर चिठ्ठ्या चिकटवायला लागला, ‘बटण’, ‘बटण दाबलं का’, ‘पुन्हा बघ’. मी बॅटरी पाहिली, तारा पाहिल्या, बझर बदलला. आणि खरं सांगू? मनात म्हटलं, वय झालं, विसरत असतील. हे मी म्हटलं, मनात का होईना. चार भाषा येतात, आणि चारही भाषांत मी बाबांनाच दोषी ठरवलं.

त्या सकाळी उष्टे कप तसेच टाकून ऑफिसला गेले, जावा उघडली, सवयीने ‘इंट’ लिहिलं, आणि डबा आठवला. इंट म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा. ऑफिसच्या भाषेत त्यात दोनशे कोटी मावतात, डोळे मिटून वापरा. माझ्या त्या लाडक्या इवल्याशा बोर्डावर मावतात बत्तीस हजार सातशे सदुसष्ट, पुढे गेलं की आकडा गडगडत थेट उणेत! आणि मी त्यात मोजत होते काय, तर सेकंद. बारा तासांचे होतात त्रेचाळीस हजार दोनशे. कागदावर भागाकार केला. नऊ तास सहा मिनिटं. रोज तेवढं झालं की डबा सगळं विसरत होता... आणि चिठ्ठ्या बाबा लावत होते.

घरी आले, कुणी नाही बघून कप्पा मोठा केला, डबा होता तिथे ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठच्या ठोक्याला वाजला. बाबा असे हसले म्हणून सांगू, म्हणाले, आज अगदी ध्यानात ठेवून दाबलं होतं. सासूबाईंनी त्यांची पाठ थोपटली. त्याच क्षणी सांगायला हवं होतं ना? चार भाषा येतात... मी पानं घेतली.

जेवताना बाबांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली. शांतपणे म्हणाले, आज जमलं, उद्याचा भरवसा नाही, रस्त्यात काही विसरलो तर कुणाच्या तरी जिवाशी गाठ, आता ही तूच ठेव. त्या स्कूटरवरून रोज सकाळी मित्रांकडे जाणारा माणूस हा. नवरा म्हणाला, “बरं केलंत बाबा,” आणि किल्लीकडे हात नेला.

मी डाव्या हाताने ती आधी उचलली. तिघंही बघायला लागले. लग्नाला तीन महिने झाले होते, माझा आवाज त्यांनी नीट ऐकला नव्हता, मीही बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

“बाबा, ही घ्या, खिशात ठेवा. तुम्ही रोज बटण दाबत होतात, एकदाही विसरला नाहीत. माझा डबा नऊ तासांपुढे मोजतच नव्हता, आणि चुकतंय कोण हे कळल्यावरही मी कालपासून गप्प बसले. आणि तू रे, हसू नकोस... हो, तुझ्या पायथनमध्ये कप्पा आपोआप वाढतो, तिथे हे झालं नसतं. एकदाच सांगतेय, नीट ऐकून घे, पुन्हा म्हणणार नाही.”