गळ्यापर्यंत पाणी

माणिकपूरच्या दवाखान्यात मर्लिन नंबरची वाट बघत होती. शेजारी साठी ओलांडलेले बहीणभाऊ डॉक्टरांना भेटून, फाइल मिळेपर्यंत टेकले होते. कान बंद ठेवता येत नाहीत, म्हणून तिला सगळं ऐकू येत होतं.

“झालं! बीपी आहे, अंदमानला डायव्हिंग नको म्हणे. मग जायचं तरी कशाला?”

“आशा, तिथे बुडी मारण्याशिवाय पुष्कळ काही असतं गं. काचेच्या तळाची बोट असते. कोरड्या पायांनी मासे बघायचे.”

“कोरडेच राहिलेत पाय जन्मभर, दादा. भुईगावला तुम्ही भाऊ पोहायचात, मी वाळूत बसून तुमचे कपडे राखायचे.”

“आई सोडायची नाही तुला.”

“आई जाऊनही किती वर्षं झाली.”

“बरं, तुला काय करायचंय ते सांग.”

“गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचंय. बस्स.”

“मी हात धरतो. पण साडी नको हं, पायात अडकेल.”

“या वयात मला पोहायचे कपडे कोण देणार?”

तेवढ्यात मर्लिनचं नाव पुकारलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

“मावशी, स्टेशनजवळ मिळतात, लांब बाह्यांचे. जरा थांबा, मीच नेते तुम्हाला.”