वांग्याच्या रोपांचं पाणी

...आणि आळ कुणावर, तर वैश्विक किरणांवर. आता तुम्हीच सांगा, ते बिचारे कुठल्याशा फुटलेल्या ताऱ्यापासून निघालेले, लाखो वर्षं प्रवास करत आलेले, त्यांचा काय दोष... पाणी घालायचं विसरला आमचा रतन.

रतन म्हणजे आमच्या कॉलेजातला प्रयोगशाळा सहायक. मूळचा वर्ध्याचा. माणूस इतका सरळ, की खोटं बोलला की त्याचं त्यालाच अपचन होतं. तर वनस्पतिशास्त्राच्या कल्याणी मॅडमनी त्याच्याकडे वांग्याच्या रोपांचे दोन ट्रे सोपवलेले. एकात सात महिने अवकाशात फिरून आलेल्या बियांची रोपं, दुसऱ्यात त्याच वाणाच्या, पण पुणं न सोडलेल्या बियांची. वर किरणांचा मारा होतो, त्यानं रोपांचं काय होतं ते बघायचं, आणि त्यावर पूर्णिमा नावाच्या मुलीची अख्खी पीएचडी उभी. रतनचं काम काय, तर रोज दोन्ही ट्रेंना सारखं पाणी. बस.

आणि नेमकं मे महिन्यात वर्ध्याला मेहुणीचं लग्न निघालं. चार दिवस. निघताना पूर्णिमाला सांगायचं राहिलं, ते आठवलं हळदीच्या मांडवात, आणि तिथून फोन करायची लाज वाटली... परत येऊन बघतो तर पुण्याची रोपं वाळून काड्या, अवकाशातली माना टाकून का होईना, जिवंत. घाबरला हो. सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून वीस टवटवीत रोपं आणली आणि गुपचूप लावून टाकली पुण्याच्या ट्रेत.

पंधरा दिवसांनी मोजमाप झालं. नर्सरीतली वीतभर, अवकाशातली बोटभर. मॅडम म्हणाल्या, "बघ पूर्णिमा, किरणांनी पेशीतला डीएनए तोडला की वाढ अशी खुंटते." तुटतो हो डीएनए, ते खरंच आहे, पण इथं तुटलं होतं ते पाणी. आणि हा शेजारी उभा, हातात झारी. आळ किरणांवर.

त्या दिवसापासून याच्या घशाखाली पोळी उतरेना. बायको रुपाली विचारते, "अहो, झालंय काय?" तर म्हणतो, "काही नाही, किरण." ती बिचारी आठवडाभर विचार करतेय, ही किरण कोण...

तशात पूर्णिमानं त्याला प्रबंधाचं पहिलं पान दाखवलं. "रतनदादा, आभारात तुमचं नाव घातलंय. रोपं पोटच्या पोरांसारखी जपली, असं लिहिलंय." झालं. तडक मॅडमच्या केबिनमध्ये. घाबरला की त्याची वऱ्हाडी बाहेर येते. "मॅडम, थे रोपं नर्सरीतले हायेत." आणि मग सगळं सांगितलं, लग्नासकट.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे आपण अवकाशाची तुलना सोलापूर रस्त्याशी केली."

मागोमाग आलेल्या पूर्णिमानं आकड्यांचं पान शांतपणे फाडलं, चार तुकडे केले, आणि रतनला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "पण मॅडम, पाण्याशिवाय अवकाशातलीच जगली. का? योगायोग असेल, नाही तर..."

मग ठरलं. उरलेल्या बिया पेरायच्या, रोपं वाढली की दोन्ही ट्रे मुद्दाम चार दिवस तहानलेले ठेवायचे. मॅडम म्हणाल्या, "रतन, या वेळी तुम्ही काहीच करायचं नाही. ते तुम्हाला छान जमतं."

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हा नुसतं बघायला म्हणून आत गेला. रोपांनी माना टाकलेल्या. याला ते पान आठवलं, ते चार तुकडे आठवले, आणि... काय सांगू तुम्हाला, घातलं पाणी. दोन्ही ट्रेंना, सारखं, मोजून.

आता मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलाय. मी विचारलं, "आत जाऊन सांगणार काय?"

म्हणाला, "सांगतो, काहीच न करणंही जमलं नाही."