विलासचे दुसरे वडील

मंडळी, माझ्याच मुलाच्या वडिलांची खुशाली मला एकाने विचारली होती, हे आपणांस ठाऊक नसेल. ऐंशीच्या सुमारास आमचा विलास नाशिकला कॉलेजच्या पहिल्या वर्षात होता. नामपूरहून मी प्रथमच त्याच्या वसतिगृहावर गेलो आणि रीतीप्रमाणे आधी रेक्टरसाहेबांना भेटलो. "विलासला भेटावयास आलो आहे," असे म्हणताच ते प्रसन्न झाले.

"त्याचे वडील बरे आहेत ना?"

"कोणाचे वडील?"

"विलासचे हो! गेल्या महिन्यात आले होते. पोराच्या खोलीत विजेची शेगडी सापडली, मी त्याला काढूनच टाकणार होतो. पण त्या सज्जन माणसाने हात जोडून माफी मागितली. आपण कोण?"

मला काही उलगडा होईना. दारात विलास उभा होता; त्याचा चेहरा पांढराफटक. आयुष्यात कधी असत्य न बोललेला मी ताठ्यात उत्तरलो, "मी त्याचा थोरला काका."

"मग धाकट्या भावाकडून जरा नम्रता शिका," रेक्टर म्हणाले.

बाहेर येताच मी गरजलो, "कोण होता तो?"

"अप्पा, ते समोरचे सलूनवाले."

"आणि मी मेलो होतो काय? मला का नाही बोलावलेस?"

"अप्पा, तुम्ही माफी मागितली असती?"

मी समोरच्या सलूनकडे पाहिले. मग म्हणालो, "चल, माझ्या धाकट्या भावाची ओळख तरी करून दे."