वाट बघायची सोय

सिस्टर : मास्तर, तुमचा नंबर. चला आत.

मास्तर : इतक्यात? मी तर आत्ता टेकलो. या बाईंना घ्या आधी.

सिस्टर : बाई तुमच्यानंतर. आजपासून नवी पद्धत आहे. दिलेल्या वेळेला डॉक्टर बघणार, कोणी ताटकळायचं नाही.

मास्तर : आणि एखाद्याला ताटकळायचं असेल तर?

बाई : अहो मास्तर, इतके महिने तुम्हीच कुरकुरत होतात. डोळे दाखवायला येतो आणि पाय सुजवून जातो म्हणून.

मास्तर : बोलायला काय जातंय. बाई, आज मी चांगला तीन तासांच्या बेताने आलो होतो.

बाई : कसला बेत?

मास्तर : आधी तुमच्या लेकाचं कौतुक ऐकायचं. मग माझ्या गुडघ्यांचं रडगाणं. मग चहा. आणि चहा झाला की एक गोष्ट विचारायची.

सिस्टर : चहाचं मशीन कालच हलवलं. थांबतंय कोण आता चहाला?

मास्तर : घ्या. सगळीकडून नाकेबंदी.

बाई : मग बिनचहाचं विचारा.

मास्तर : असं कसं? माप न घेता कापडाला कात्री लावायची? जन्मभर शिवणकाम केलं, हे पाप कधी केलं नाही.

सिस्टर : मास्तर, मोठे साहेब तिकडे घड्याळ बघत उभे आहेत. सकाळपासून एक पेशंट रखडला नाही. तुमच्यापायी माझी शोभा होईल.

बाई : जा बघू. पुढच्या खेपेला विचारा.

मास्तर : पुढच्या खेपेला तुम्ही कुठल्या? रविवारी लेकाकडे चाललात, कायमच्या. तेच तर विचारायचंय.

सिस्टर : (दोघांकडे आळीपाळीने बघत) असं आहे होय. मास्तर, डोळ्यांत थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो. तो काही साहेबांच्या बापाला कमी करता यायचा नाही. मान वर करा.

मास्तर : घाला, घाला. देव तुमचं भलं करो.

बाई : माझ्याही घालून टाका.

सिस्टर : आता डोळे मिटून गप बसा. म्हणजे, गप नाही बसलात तरी चालेल. मी आहे तिकडे.

मास्तर : बाई, आहात ना?

बाई : जाते कुठे? शेजारीच आहे.

मास्तर : जाऊ नका लेकाकडे. माझ्याकडे या. रीतसर, लग्न करून. घाई नाही, अर्धा तास आहे. सावकाश विचार करा.

बाई : विचार याच बाकावर केव्हाच करून झालाय, मास्तर. तुमचा हात कुठाय? मला काही दिसत नाहीये.