खोल डोहाचं अक्षर

चीनमधल्या शाओशिंगच्या धक्क्यावर होडीची वाट बघत मेइफन शिंगाडे सोलत बसली होती. शेजारी एक म्हातारे मास्तर आणि त्यांची नात.

“आजोबा, शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर टोकलं. जुन्या कवितेतल्या त्या अक्षराचा उच्चार ‘शन’ नाही, ‘युआन’ आहे म्हणे.”

“बरोबर आहे त्यांचं.”

“मग मला ‘शन’ का शिकवलंत? सगळे जुने कोश पालथे घातले मी. एकात अर्थ खोल डोह, एकात ढोलाचा घुमारा. उच्चार मात्र सगळीकडे ‘युआन’च!”

“युआन माझ्या वडिलांचं नाव गं. बापाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही जुनी रीत, म्हणून वाचताना मी ‘शन’ म्हणायचो. त्याचाही अर्थ खोलच. तेच तुझ्या जिभेवर बसलं.”

“आता उद्या कवितावाचनाच्या स्पर्धेत काय म्हणू? तुमच्यासारखं म्हटलं तर हरेन, बाईंसारखं म्हटलं तर तुम्हाला लागेल.”

मेइफनचा हात थांबला. मास्तर नातीकडे वळले.

“‘युआन’च म्हण, पोरी. चांगलं खणखणीत म्हण. मी समोरच बसेन. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई गेली, तेव्हापासून वडिलांना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही.”