शुक्रवारचा सोमवार

म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या बससाठी विमला रांगेत उभी होती. तिच्या पुढे मायलेकी होत्या, त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. लेक सेजल पणजीच्या हॉस्टेलवरून घरी निघालेली, आणि आई शुक्रवारचा बाजार उरकून तिला इथेच भेटलेली.

“आई, सोमवारी हॉस्टेलवर निघताना मी करून ठेवला तो लझानिया बाबांनी खाल्ला?”

“आधी नुसते बघत बसले. म्हणाले, सोमवार म्हणून मासळी नाही ती नाहीच, वर हे काय आणखी.”

“अगो, पास्त्याच्या थरांच्या आत तुझीच नेहमीची उसळ होती, अळसांद्यांचं तोणाक.”

“सांगितलं ना मी. तर म्हणाले, तोणाकाबरोबर पाव खातात, त्याला गादी-पांघरूण कशाला.”

“म्हणजे नाहीच खाल्ला.”

“मी देवाची फुलं काढून आत आले, तर भांडं घासून पालथं घातलेलं.”

“बाबांनी घासलं?”

“लग्नानंतर पहिल्यांदाच.”

“मग आवडला म्हणाले?”

“ते म्हणतील?”

“बरं, बस आली. मासळीची पिशवी दे माझ्याकडे.”

“बांगडे नाही घेतले. मासळी आणू नको म्हणाले.”

“आज? शुक्रवारी?”

“हो. म्हणाले, सेजल येतेय, तर आजही सोमवार पाळूया.”