नळ आला की बोंबलणारी डबी

...अन् वरून गल्लीवाले मलाच म्हणून राहिले, ‘अप्पा, या वयात कुठं नादाला लागलात?’ आता नाद काय जुगाराचा हाय का? इलेक्ट्रॉनिक्सचा हाय! तुम्हाला सांगतो, समदी चूक त्या मोबाईलवरच्या व्हिडिओतल्या माणसाची. हसत हसत सांगतो, ‘बिलकुल आसान है, दोस्तों.’ सोपं हाय म्हणे!

मी चंद्रप्पा. लातुरात आडतीचं दुकान होतं, आता पोरगा बघतो. मला कशाला पाहिजेत वायरी? पण आमच्या गल्लीत नळ कवा येईल ते नळालाबी ठावं न्हाई. आठवड्यातून एकदा येतो, अर्धा-पाऊण तास, अन् गेला की गेला. त्याच्यापायी आमची रत्नम्मा भावाच्या घरभरणीला गेली न्हाई, पुतणीच्या साखरपुड्याला गेली न्हाई. माझ्या भरवशावर कशी जाणार? मी जेवलो की झोपतो, अन् झोपलो की मेलोच समजा. आता उदगीरला तिच्या बहिणीच्या, जगदेवीच्या नातवाचं बारसं आलं. तिनं नुसती नवी साडी काढली, बघितली, परत घडी घालून ठिवली. मला लई वाईट वाटलं. म्हणलं, तू जाच. नळ आला की मला उठवील अशी मशीन करतो.

गेलो दुकानात. म्हणलं, रेझिस्टर द्या. तो म्हणतो, ‘कितीचा देऊ, काका?’ म्हणलं, चांगल्यातला दे. त्यानं वैतागून मूठभर पुढं टाकले, बारीक बारीक, अंगावर रंगीत पट्टे. आता माझी उमर गेली तुरीत ओल किती ते बघण्यात... सवयीनं एक उचलला अन् दाताखाली धरून चावला. दुकानदार म्हणतो, ‘काका, हे शिजवायचे न्हाईत.’

घरी आलो. पहिला एलईडीचा बारका दिवा रेझिस्टरबिगर सरळ बॅटरीला लावला, तो एकदा चमकला अन् कायमचा गेला. मग सोल्डरिंग, म्हणजे तापल्या सळईनं वायरी चिकटवायच्या! मोबाईलवाला म्हणतो, पेनासारखं धरायचं. मी धरलं पेनासारखं, टोकाजवळ. सोपं हाय म्हणे! दोन बोटं भाजली, सतरंजीला भोक पडलं, तवा कुठं साबणाच्या डबीत समदं बसलं. आत बॅटरी अन् बझर, बाहेर दोन वायरी. वायरींच्या टोकाला पाणी लागलं की डबी बोंबलणार. तांब्यात बुडवून दाखवली, अन् खरंच बोंबलली की! रत्नम्मानं माझ्याकडं असं बघितलं, असं तर लग्नातबी बघितलं नव्हतं. मी लगेच गल्लीभर सांगून आलो, डबी वाजली की घागरी घेऊन पळा, आता कुणी नळापाशी बसायचं न्हाई.

उदगीरला निघायचा दिवस. नवी साडी, हातात पिशवी, रिक्षा दारात. अन् रत्नम्मा म्हणते, ‘अहो, पूजा केल्याबिगर मशीन चालू कशी करायची?’ बरोबरच हाय ना? ट्रॅक्टर आला, पूजा केली. मिक्सर आला, पूजा केली. मग डबीनं काय घोडं मारलंय? डबी पाटावर ठिवली, तीन बोटांची विभूती ओढली, हळदीकुंकू वाहिलं, अन् मी नारळ फोडला... तिच्या शेजारीच.

नारळाचं पाणी वायरींवर, वायरींवरून डबीत, अन् डबी जी बोंबलली! समदी गल्ली घागरी घेऊन पळत सुटली. नळ बघते तर कोरडाठाक. म्हणलं, रत्नम्मा, तू जा, तुझी गाडी चुकंल, हितलं मी बघतो. ती गेली रिक्षात, अन् गल्ली आली माझ्या दारात. पुढं धोंडाबाई, शेजारीण. ‘अप्पा, माझी भाकर तव्यावर जळाली तुमच्यापायी!’ डबी काही थांबंना. मी बॅटरी उपसायला गेलो तर वायरच तुटून हातात आली अन् डबी कायमची गप झाली. पण गल्ली गप न्हाई! एकेकाचं ऐकून घेतलं, मागच्या साली कुणाच्या दारात कुणी कचरा लोटला ते बी निघालं... अन् धोंडाबाईचा पाय भिजला. खाली बघते तर नालीला चांगलं स्वच्छ पाणी!

समदे माझ्या दारात भांडून राहिले, अन् तिकडं समद्यांचे नळ वाहून राहिले. पळाले, पण दोन-दोन घागरी भरल्या न भरल्या तोच नळ गेला.

मग गल्लीनं ठरवलं, पुढचा नळ येईस्तोवर अप्पांनीच नळापाशी बसायचं अन् पाणी आलं की वरडायचं. खुर्ची टाकून बसलो. दुपारची झोप गेली ती गेलीच.

संध्याकाळी उदगीरहून फोन. मागं बायकांचा गलका, अन् रत्नम्मा त्या समद्यांना ऐकू जाईल असं इचारते, ‘अहो, तुमची मशीन चालू हाय ना?’ लई दिवसांनी तिचा आवाज असा ऐकला हो. म्हणलं, हाव, चालू हाय, नळापाशीच हाय.

म्हणते, ‘उन्हात ठिवू नका, खराब हुईल.’

म्हणलं, तू निवांत ऱ्हा. ऊन आलं की ती आपली खुर्ची आपणच सरकवती.